फुकट तिकिटाचं वजन

फुकटच्या विमानाच्या तिकिटावर अठ्ठावीस हजार चारशे रुपये कर आणि शुल्क लागतं, हे वाक्य शिक्केसाहेबांनी संगणकाच्या पडद्यावर तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. मोठ्याने वाचल्यामुळे आकडा कमी होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. पण घरात दुसरं माणूस असताना एवढा धक्का एकट्याने का सोसायचा?

"म्हणजे फुकट नाहीये," बायको आतून म्हणाली.

"फुकटच आहे. फक्त अठ्ठावीस हजार चारशे द्यायचेत. माणशी."

"नाकापेक्षा मोती जड," ती म्हणाली. "पण द्या आणि करून टाका. बावीस तारखेच्या आत पोचायचंय मला."

या बावीस तारखेविषयी सांगायलाच हवं. शिक्केसाहेबांच्या बायकोची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, समुद्रापलीकडे राहायची. वर्षभरात तिची नजर इतकी गेली होती की माणसं तिला नुसत्या सावल्यांसारखी दिसत. पंधरा तारखेला डोळ्याचं मोठं ऑपरेशन आणि बावीसला पट्टी सोडणार. अक्काने फोनवर एकच मागणं मागितलं होतं. "पट्टी सुटेल तेव्हा पहिलं तोंड तुझं दिसू दे. नर्सचं नको, डॉक्टरांचं तर नकोच नको." बहिणींची भेट होऊन सहा वर्षं झाली होती. बायकोने "येते" म्हणून शब्द दिला, नवी बॅग आणली आणि तिकिटाचं काम नवऱ्यावर सोपवलं. तिची चूक एवढी एकच.

शिक्केसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातल्या प्रत्येक तराजूवर आणि मापावर त्यांचा शिक्का असायचा, म्हणून हे नाव. चोवीस वर्षांत एकही खोटं माप त्यांच्या हातून सुटलं नव्हतं, कारण त्यांचा एक नियम होता. तीनदा तोलल्याशिवाय शिक्का नाही. पहिल्यांदा काटा लाजतो, दुसऱ्यांदा खोटं बोलतो आणि तिसऱ्यांदा कबूल होतो, असं ते नव्या लोकांना शिकवायचे. तेव्हा असल्या माणसाने पहिल्याच आकड्यावर बटण दाबावं ही अपेक्षाच चुकीची होती.

बरं, बँकेच्या कार्डावरच्या ज्या पॉइंटांवर हे फुकटचं तिकीट मिळणार होतं, ते पॉइंटही काही त्यांच्या एकट्याचे नव्हते. सहा वर्षं इमारतीत कुणीही काहीही घेतलं की शिक्केसाहेब आपलं कार्ड घेऊन दुकानात हजर. "रोख मला द्या, कार्ड माझं वापरा, तुमचं काय जातंय?" अशा रीतीने वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांचा फ्रीज, दोन सोफे आणि तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची नवी कोरी रुग्णखुर्ची हे सगळं शिक्केसाहेबांच्या कार्डावरून घरी आलं होतं. खुर्चीचेच पॉइंट तीस हजार. त्यामुळे सल्ला देण्याचा हक्क सगळ्यांना होता आणि डॉक्टरांना तो खुर्चीच्या प्रमाणात जास्त होता.

"थांबा हो," संध्याकाळी डॉक्टर येऊन म्हणाले. "तुम्ही विमानवाल्यांच्या निळ्या योजनेत बघताय. सोनेरी योजनेत बघा. विमान तेच, आसन तेच, आणि शुल्क पार वेगळं. माझ्या एका पेशंटने सांगितलंय."

"दात काढताना?"

"काढायच्या आधी. नंतर कसं बोलेल?"

शिक्केसाहेबांनी बघितलं, आणि त्या क्षणापासून हे प्रकरण तिकिटाचं राहिलं नाही. विमान तेच, वेळ तीच, खिडकीशेजारची आसनंही तीच. निळी योजना म्हणत होती, चाळीस हजार मैल आणि वर अठ्ठावीस हजार चारशे. सोनेरी योजना म्हणत होती, पंचावन्न हजार मैल आणि वर फक्त तीन हजार एकशे पन्नास.

"एकाच पोत्याला दोन काटे!" शिक्केसाहेब उभेच राहिले. "आणि हा मैल तरी कसला? एकाच्या मैलाने चाळीस हजार, दुसऱ्याच्या मैलाने पंचावन्न हजार, आणि शहर आहे तिथेच! बाजारात कुणी असा गज वापरला असता तर दुकानाला कुलूप घातलं असतं मी."

"घाला विमानाला कुलूप," बायको म्हणाली. "मला सोडून आल्यावर."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी निळ्या योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तेवीस मिनिटं सनई आणि पियानोच्या मधलं काहीतरी ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी बोलली. तिच्या म्हणण्यानुसार अठ्ठावीस हजारांत विमानतळाचे कर थोडेच होते, बाकी सगळा इंधन अधिभार.

"मी बसलो नाही तर विमान उडणार नाही का?" शिक्केसाहेबांनी विचारलं.

"उडेल ना सर."

"मग इंधन जळणारच आहे. माझ्या वाटणीचं किती? माझं वजन बहात्तर किलो. बायकोचं छप्पन्न. दोघांना अधिभार सारखा कसा?"

मुलीने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "सर, तुमचा अभिप्राय नोंदवून घेतलाय." सरकारी नोकरीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे वाक्य ते स्वतः रोज चारदा वापरत असत.

हिशेब साधा होता. सोनेरी योजनेत माणशी पंचवीस हजार दोनशे पन्नास वाचत होते. दोघांचे मिळून पन्नास हजार पाचशे. हा आकडा शिक्केसाहेबांच्या जिभेवर असा काही बसला की कार्यालयात कुणी नमस्कार केला तरी ते म्हणत, "पन्नास हजार पाचशे." अडचण एवढीच होती की मैलाला एक पॉइंट या हिशेबाने दोन तिकिटांना एक लाख दहा हजार पॉइंट लागत होते आणि खात्यात होते एक लाख आठ हजार.

"दोन हजारांसाठी हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणायचं!" बँकवाले म्हणाले. त्यांनी ताबडतोब इमारतीची सभा बोलावली. आजवर जिन्यातला दिवा बदलायला तीन सभा लागलेल्या इमारतीत पाण्याचा पंप बदलण्याचा ठराव अकरा मिनिटांत एकमताने पास झाला. पंप व्यवस्थित चालत होता. "पण कधीतरी बिघडणारच की," डॉक्टर म्हणाले, आणि दातांच्या व्यवसायात मुरलेल्या माणसाशी या मुद्द्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिक्केसाहेबांचं कार्ड पंपाच्या दुकानात झळकलं. पॉइंट पुरे झाले.

"आता तरी करा," बायको म्हणाली. "सात तारीख झाली."

आता पॉइंट बँकेतून सोनेरी योजनेत न्यायचे. तिथे कळलं की बँकेत शिक्केसाहेबांचं आडनाव आधी आहे आणि योजनेत शेवटी, त्यामुळे ही दोन वेगळी माणसं आहेत. दोन्ही माणसं एकच असल्याचं पत्र राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याने हवं. शिक्केसाहेब स्वतःच राजपत्रित अधिकारी होते. त्यांनी पत्र लिहिलं, सही केली, स्वतःला स्वतःच ओळखत असल्याचं प्रमाणित केलं आणि शिक्का मारला. पत्र परत आलं. स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः देता येत नाही. हा नियम योग्य आहे हे त्यांना मनातून पटलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. शेवटी हाताखालच्या, नुकत्याच राजपत्रित झालेल्या माणसाने साहेबांना आपण ओळखतो असं लिहून दिलं. ते लिहिताना तो जरा जास्तच खुशीत होता असं त्यांना वाटलं.

बारा तारखेला सकाळी साडेनऊला पॉइंट सोनेरी योजनेत पोचले. वीस तारखेच्या विमानात दोन आसनं होती. बायको खुर्चीमागे उभी होती, हातात दोघांचे पासपोर्ट.

"आहेत ना दोन? दाबा."

"एक मिनिट. दुसऱ्यांदा बघतो."

दुसऱ्यांदाही दोन होती. शुल्क तेच, तीन हजार एकशे पन्नास.

"अहो, दाबा आता."

"तिसरं तोलणं राहिलंय," शिक्केसाहेब शांतपणे म्हणाले. खात्री असलेल्या माणसाचं ते शांत बोलणं होतं. त्यांनी निळी योजना उघडून तिथला आकडा कागदावर उतरवला, कुठलीशी हिरवी योजनाही पाहून घेतली, तीन रकाने आखले, खाली समाधानाने रेघ मारली आणि सोनेरी योजनेत परत आले.

आसन एकच उरलं होतं.

जगात कुठेतरी एका माणसाने एकदाच तोलून बटण दाबलं होतं. शिक्केसाहेबांना दरदरून घाम फुटला. हे उरलेलंही जातंय या भीतीने त्यांनी जे केलं ते चोवीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं. न तोलता, न वाचता, दिसेल ते बटण दाबत गेले. पडद्यावर हिरवी खूण उमटली. अभिनंदन. प्रवाशाच्या जागी, खातं ज्याचं त्याचं म्हणून आपोआप भरलेलं, शिक्केसाहेबांचं स्वतःचं नाव होतं.

पहिल्यांदा ते बायकोला दिसलं. तिने स्वतःचा पासपोर्ट टेबलावर ठेवला, त्यांचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

हेल्पलाइनवर या वेळी एकतीस मिनिटं लागली.

"नाव बदलता येत नाही सर."

"अहो, आडनाव तेच आहे! निम्मं नाव आधीच बरोबर आहे, राहिलेलं निम्मं बदला."

"रद्द करता येईल सर. मैल दहा कामकाजाच्या दिवसांत परत येतील."

दहा कामकाजाचे दिवस म्हणजे अक्का तोवर वर्तमानपत्र वाचू लागली असती. बँकेतले पॉइंट संपलेले, निळ्या योजनेत जायचा रस्ता बंद. शिक्केसाहेबांनी छाती पुढे काढली आणि चौकातल्या तिकीटवाल्याकडे गेले. रोखीने, दोन ठिकाणी विमान बदलून, बावीसला सकाळी आठ वाजता पोचवणारं एक तिकीट होतं. एक्याण्णव हजार. त्यांनी मुदत ठेव मोडली आणि बायकोच्या नावाचं तिकीट, नाव तीनदा वाचून, काढलं.

"म्हणजे बघा," बँकवाले जिन्यात उभे राहून म्हणाले. त्यांना बेरीज करायला फार आवडायचं. "छप्पन्न हजार आठशे भरायचे नाहीत म्हणून तुम्ही चौऱ्याण्णव हजार एकशे पन्नास भरलेत. सदतीस हजार तीनशे पन्नास जास्त."

"पंप नवा आला ना?" शिक्केसाहेब ताठ मानेने म्हणाले.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," हे बायको म्हणाली असती. पण ती बोलतच नव्हती. बारा तारखेपासून घरात अबोला होता. ती भिंतीशी बोलायची. "कुणाला चहा हवा असेल तर टेबलावर आहे." "कुणाचे मोजे गच्चीवर वाळतायत." भांडण परवडलं असतं. भांडणात शिक्केसाहेबांना मुद्दे सुचायचे. इथे मुद्दाच नव्हता. तिने बहिणीला शब्द दिला होता आणि तो त्यांच्या हातून कागदावर रकाने आखता आखता निसटला होता. एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा ती नव्या बॅगेतले कपडे काढून पुन्हा तसेच घालत बसली होती. शिक्केसाहेब दारातूनच मागे फिरले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटण्याची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी ते कळेना.

"मी तिकीट रद्द करतो. मी नाही जात," त्यांनी सांगून पाहिलं.

बायकोने कपाटाला सांगितलं, "दोन ठिकाणी विमान बदलायचंय. कुठे अडकलं तर अक्काजवळ घरचं कुणीतरी असायला हवं."

वीस तारखेला ते एकटे गेले. खिडकीशेजारी बसून, पाय पसरून, एका झोपेत पोचले. इतका आरामाचा आणि इतका वाईट प्रवास त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

बावीसला सकाळी सातला बायकोचा निरोप आला. शेवटचं विमान पावणेतीन तास उशिरा. आठला उतरायची ती आता पावणेअकराला उतरणार, म्हणजे दवाखान्यात यायला साडेअकरा. निरोपात "अहो" नव्हतं.

अक्का पलंगावर टेकून बसली होती, डोळ्यांवर पांढरी पट्टी. दाराशी पाऊल वाजलं की विचारायची, "आलीस का गं?"

"मी आहे, अक्का," शिक्केसाहेब म्हणायचे. "ती येतेय."

अक्का "बरं" म्हणायची. अकरा वेळा विचारलं आणि अकरा वेळा "बरं" म्हणाली. बाराव्यांदा तिने नुसतीच मान वळवली, विचारलं नाही. ते शिक्केसाहेबांना सोसवेना.

दहा पन्नासला डॉक्टर आले. शिक्केसाहेबांनी बाजूला घेऊन विनंती केली.

"मला साडेअकराला दुसऱ्या दवाखान्यात निघायचंय," डॉक्टर म्हणाले. "फार तर पाच मिनिटं थांबतो. आणि तुम्ही आहातच की घरचे."

नेमकं तेच तर नको होतं! सहा वर्षं बहिणीची वाट पाहिलेल्या बाईला पट्टी सुटताच काय दिसणार, तर शिक्केसाहेबांचं तोंड. हे तोंड त्यांनी रोज दाढी करताना पाहिलं होतं. त्याविषयी त्यांचा काही गैरसमज नव्हता.

नर्सने पट्टीला हात घातला. पलंगासमोरच्या भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. त्याखाली लिहिलं होतं, अंतर सहा मीटर.

"थांबा!" शिक्केसाहेब म्हणाले. हा आवाज बाजारातले व्यापारी ओळखून होते. "हे अंतर शेवटचं कुणी तपासलं?"

"कसलं अंतर?"

"तक्त्याचं. सहा मीटर लिहिलंय. प्रमाणपत्र कुठे आहे?" त्यांनी खिशातून निरीक्षकाचं ओळखपत्र काढलं. या देशात त्याला वाचनालयाच्या कार्डाइतकीच किंमत होती, पण ते त्यांनी असं काही धरलं की नर्स एक पाऊल मागे सरली. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून टेप काढला. टेपशिवाय ते लग्नालाही जात नसत. "खोट्या अंतरावर तपासलेल्या नजरेवरून उद्या चष्मा दिलात तर जबाबदार कोण?"

डॉक्टर सज्जन आणि काटेकोर होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "दोन वर्षांपूर्वी भिंत रंगवली होती," ते हळूच म्हणाले. "तेव्हा तक्ता उतरवला असेल."

शिक्केसाहेबांनी तक्त्यासमोरच्या तपासणीच्या खुर्चीपासून भिंतीपर्यंत टेप ताणला. वाकून आकडा पाहिला. पुन्हा ताणला, पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदाही पाहिला. आकडा तिन्ही वेळा तोच होता.

"पाच मीटर नव्वद," ते सरळ होऊन म्हणाले. "दहा सेंटिमीटर कमी."

तक्त्याला मागे भिंत, म्हणून खुर्ची सरकवायचं ठरलं. खुर्ची जमिनीला पक्की केलेली, म्हणून पाना आणायला माणूस गेला. पाना लहान निघाला. मोठा पाना तिसऱ्या मजल्यावर होता. शिक्केसाहेब मधे उभे राहून सगळ्यांना सूचना देत होते, आणि मधूनमधून दाराकडे बघत होते हे एकट्या नर्सने पाहिलं. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि शेवटी दुसऱ्या दवाखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. अकरा अडतीसला खुर्चीचा शेवटचा बोल्ट घट्ट झाला आणि अकरा एक्केचाळीसला दार उघडून बायको आत आली. केस विस्कटलेले, नव्या बॅगेचं एक चाक तुटलेलं.

"अक्का," ती म्हणाली.

अक्काने हात पुढे केला. बायको पलंगाशी जाऊन बसली. नर्सने पट्टी सोडली. अक्काने डोळे किलकिले केले, पाणी पुसलं, आणि बराच वेळ समोर बघत राहिली.

"केस किती पांढरे झाले गं तुझे," ती म्हणाली, आणि दोघी एकदमच रडायला आणि हसायला लागल्या. शिक्केसाहेब भिंतीवरचा तक्ता मन लावून वाचत होते. त्यांना खालच्या तीन ओळी दिसेनाशा झाल्या होत्या.

मग डॉक्टरांनी अक्काला खुर्चीत बसवून वाचायला लावलं. चार ओळी तिने धडाधड वाचल्या. पाचवीला अडखळली. "हे... नाही बाई, पुसट आहे."

"हरकत नाही," डॉक्टर लिहू लागले. "पाचवी ओळ, नाही."

"लिहू नका!" शिक्केसाहेब ओरडले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ती खुर्ची दहा सेंटिमीटर लांब आहे," ते म्हणाले. "सहा मीटर दहा. ही नोंद चुकीची होईल."

"पण तुम्हीच तर मोजलंत. मघाशी पाच नव्वद होतं ना?"

"मघाशी सहा होतं," शिक्केसाहेब म्हणाले. "बरोबर सहा. तीनदा मोजलं मी." मग खाली मान घालून म्हणाले, "विमानाला उशीर झाला होता."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. नर्स खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. चोवीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं माप शिक्केसाहेबांनी भर खोलीत कबूल केलं होतं आणि आता जो काय दंड होईल तो घ्यायला ते हात मागे बांधून उभे होते.

बायको उठली. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलली.

"अहो, सकाळपासून काही खाल्लंत का?"